प्रवासाची शिदोरी



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की बऱ्याच वर्गांच्या फळ्यावर एक ठरलेला निबंध पडतो. ‘मी केलेला प्रवास’, नाहीतर ‘सुट्टीतील सहल’. आज त्या प्रवासातल्या एका लहानशा भागावर लिहायचं आहे. कुठे गेलो, काय पाहिलं, किती फोटो काढले हे थोडं बाजूला ठेवू. गाडीच्या डिकीत, पिशवीच्या तळाशी जे बांधलेलं असतं त्याबद्दल बोलू. म्हणजे शिदोरीबद्दल.

‘शिदोरी’ हा शब्द आपण मुलांना फार ऐकवतो. निरोप समारंभात ज्ञानाची शिदोरी, स्नेहसंमेलनात आठवणींची शिदोरी, निवृत्तीच्या भाषणात अनुभवाची शिदोरी! पण फडक्यात बांधलेली खरी शिदोरी कशी असते हे वर्गात विचारून बघा. निम्मी मुलं गप्प बसतात. त्यांना तो पुस्तकातला शब्द वाटतो. घरी ते ‘डबा’ म्हणतात, आजी ‘भाकरतुकडा’ म्हणते. वस्तू तीच, पण शब्दाशी तिची गाठ पडलेली नसते. ही गाठ मारून द्यायला घरातल्या प्रवासासारखी दुसरी संधी नाही.

आमचंच उदाहरण सांगते. भाऊबीज झाल्यावर आम्ही विजापूरला जायचं ठरवलं. एक मुक्काम, दोन दिवस. आम्ही शिरूरचे पाच जण आणि दौंडची माझी ताई, तिच्या घरचे चार जण. शिरूरहून न्हावरा, केडगाव, चौफुला असं करत सोलापूर रस्त्याला लागायचं, ताईची गाडी दौंडहून कुरकुंभला येणार आणि तिथून दोन्ही गाड्या बरोबर. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर आणि मग पुढे साधारण शंभर किलोमीटरवर विजापूर. नऊ माणसं : सहा मोठी, तीन मुलं. त्यात माझ्या सासूबाईंना साखरेचा आजार, ताईच्या सासऱ्यांना दात नाहीत, आणि ताईच्या मुलाला शेंगदाणा अजिबात चालत नाही. लहानपणी एकदा शेंगदाण्याची चटणी खाऊन त्याचे ओठ सुजले होते, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आता सांगा, अशा नऊ जणांना वाटेतल्या एका ढाब्यावर एकाच पंगतीला बसवून काय मागवायचं? तिथल्या भाजीच्या रश्शात शेंगदाण्याचा कूट आहे की नाही हे वेटरलाही नक्की माहीत नसतं. आपल्याकडे तर कूट कशात नसतो!

म्हणून शिदोरी. हौस होतीच, पण गरज आधी.

बांधायला काय घ्यायचं याचा विचार आम्ही घरात बसून केला आणि त्यातच मुलांचा निम्मा अभ्यास झाला. माझी मुलगी पाचवीत आहे. तिला कागद-पेन्सिल दिली. वाटेत नाश्ता एक, पहिल्या दिवशी दुपारचं जेवण एक, परतीच्या दिवशी दुपारचं एक. रात्रीचं जेवण विजापुरातच करायचं, ते शिदोरीत धरायचं नाही. नाश्त्याचे धपाटे ताई दौंडहून आणणार. आमच्याकडे दशम्या. मोठ्यांना तीन, मुलांना दोन. सहा त्रिक अठरा, तीन दुणे सहा, एका वेळच्या चोवीस, दोन वेळच्या अठ्ठेचाळीस. सासूबाई म्हणाल्या, “वरच्या सहा धर. वाटंत कोण भेटलं तर?” मग चोपन्न. चोपन्न दशम्यांना पीठ किती? तिने काट्यावर एका गोळ्याचं वजन केलं, दुधाचं वजन वजा धरलं आणि अंदाजे दोन किलो पीठ, सव्वा लिटर दूध असा हिशोब काढला. गणिताच्या पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण सोडवताना ही पोरगी पेन्सिल चावत बसते. इथे तिने दोनदा ताळा केला, कारण चुकलं तर कोणाचा तरी घास कमी पडणार होता.

दशमी का, पोळी का नाही, हा प्रश्न मुलाने विचारला. तो आठवीत आहे, त्याला सगळ्याचं कारण लागतं. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. दुधातल्या स्निग्धांशाने ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, कातड्यासारखी होत नाही. दात नसलेल्या माणसालाही ती खाता येते. जुन्या लोकांत याला सोवळ्याचंही कारण होतं, दुधात भिजवलेलं प्रवासात चालतं असं मानत. पण टिकण्याचं खरं कारण तव्यावर आहे. बारीक आचेवर, दोन्ही बाजूंनी नीट, घाई न करता भाजलेल्या दशमीत पाणी कमी उरतं. आणि अन्न नासवणाऱ्या जंतूंना सगळ्यात आधी पाणीच लागतं.

विज्ञानाच्या शिक्षकांनी हे जरूर वर्गात घ्यावं. शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात. म्हणून ओलसर शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये असं सांगतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता हा नियम आपल्या डब्याला लावून बघा. पहाटे साडेचारला केलेली बटाट्याची भाजी साडेआठला इंदापूरजवळ उघडली तर चार तास झाले. बरं, भात? भातात एक असा जंतू असतो की त्याचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात. आंबटपणामुळे दहीभात जरा तग धरतो, पण गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत ठेवायची ती वस्तू नाही. आमच्या यादीतून भाजी आणि भात दोन्ही गेले. त्याऐवजी काकड्या, कांदे, टोमॅटो धुऊन, पुसून, अख्खे घेतले. चिरायचे जागेवर. दही वाटेत बंद पाकिटातलं घ्यायचं. ओलं नाशवंत जवळ नकोच, लागलं तर ताजं विकत घ्यायचं आणि कोरडं घरचं न्यायचं, एवढं ठरवलं की अर्धी काळजी मिटते.

कोरड्यात आपली चंगळ असते. लसूण-खोबऱ्याची चटणी, कारळ्याची, जवसाची, तिळाची. भाच्यासाठी शेंगदाण्याची चटणी यादीतून सरळ काढून टाकली. वेगळ्या डब्यात नेऊ, त्याला देणार नाही, असं मोठ्या माणसांना वाटतं खरं; पण चमचा एकच फिरतो, हात तेच असतात. ज्या घरात असं मूल आहे त्यांनी हा धोका घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चटण्या वाटण्याआधी खलबत्ता आणि मिक्सरचं भांडं गरम पाण्याने दोनदा घासून घेतलं, कारण आमच्या घरी त्यात रोज कूट होतो. दिवाळीच्या चिवड्यातही शेंगदाणे होते, तो चिवडा घरीच राहिला. शंकरपाळी, चकल्या आणि बेसनाचे लाडू आले.

बांधायचं कशात, हाही एक विषयच आहे. गरम दशमी थेट हवाबंद डब्यात घातली की तिची वाफ झाकणाला लागून पाणी होऊन पुन्हा तिच्यावरच गळते आणि दुसऱ्या दिवशी बुरशीचा ठिपका दिसतो. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायची, मग धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. फडकं उरलीसुरली वाफ पिऊन घेतं. आपल्या आज्या वापरायच्या ते जुन्या धोतराचं फडकं उगाच नव्हतं! वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही. छपाईच्या शाईतले पदार्थ तेलकट खाण्याला लागतात, आणि देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तशी सूचना काढली आहे. वडापाव अजूनही कागदात मिळतो, ते सोडा. लोणचं, लिंबू असं आंबट असेल तर ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदात नको, काचेची बरणी किंवा स्टीलचा डबा बरा. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांवर तर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. प्रत्येक डब्यावर मुलीने चिकटपट्टी लावून त्यावर काय आहे आणि कधी केलं ते लिहिलं. ‘तिळाची चटणी, शनिवार, रात्री ८.’ हस्ताक्षर सुंदर आलं होतं, शाळेच्या वहीत येत नाही तसं.

आता जरा अवघड विषयावर येते. पालकहो, हे वाचताना तुमच्या घरातलं चित्र डोळ्यांसमोर आणा. प्रवासाच्या आदल्या रात्री घरातले पुरुष काय करतात? गाडीत हवा भरून आणतात, पेट्रोल टाकतात, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघतात आणि “पहाटे पाचला निघू हं” असं सांगून झोपतात. पाचला निघायचं म्हणजे घरातली एक बाई तीनला उठणार, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. “आईच्या हातची चव” हे कौतुक मला मान्य आहे, पण त्याच कौतुकाने आईला पहाटे तीनला उठवलेलं असतं. मग ती गाडीत बसल्या बसल्या झोपते, मुलं म्हणतात आईने काही बघितलंच नाही. सहल सगळ्यांची होते, तिची बदली होते फक्त – एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या कामावर.

आमच्याकडे यासाठी एकच नियम आहे : जो शिदोरी खाणार तो शिदोरी करणार. मुलाने पीठ मळलं. सव्वा लिटर दुधात दोन किलो पीठ मळायला दंडात ताकद लागते आणि ती त्याच्याकडे आहे, क्रिकेटमध्ये दिसतेच. यांनी खोबरं किसून भाजलं, लसूण सोलला, खलबत्त्यात चटणी कुटली. डोळ्यांतून पाणी आलं, पण पळाले नाहीत. लाटणं माझ्याकडे, भाजणं सासूबाईंकडे, कारण भाजण्यातली नजर त्यांच्याइतकी कोणालाच नाही. “आच कमी कर. जळंल ते, भाजायचं नाही,” असं त्या तीन वेळा म्हणाल्या असतील. रात्री साडेनऊला ओटा पुसून सगळे झोपलो. सकाळी उठून फक्त चहा. साडेपाचला आम्ही घोडनदीच्या बाहेर होतो. कोणीही तीनला उठलं नव्हतं.

दौंडच्या गाडीतली शिदोरी कशी होती तेही सांगते, कारण तिथे एक वेगळाच धडा मिळाला. ताईचे सासरे रेल्वेत इंजिनावर होते. दौंड म्हणजे जंक्शन, निम्म्या गावाचं पोट रेल्वेवर. त्यांचा डबा अजून घरात आहे, जाड पत्र्याचा, कडीचा. कोळशाच्या इंजिनाच्या काळात बॉयलरच्या कडेला डबा टेकवून ठेवायचा, दोन स्टेशनं गेली की भाकरी ऊन व्हायची, असं ते नातवंडांना सांगत होते. गाडी उशिरा धावली तर पुढचं जेवण कधी याचा पत्ता नसायचा, म्हणून डब्यात नेहमी एका वेळचं जास्त असायचं. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती. इतिहासाच्या तासाला ‘मौखिक साधने’ शिकवताना आपण व्याख्या पाठ करून घेतो ना, ती साधनं अशी मागच्या सीटवर बसलेली असतात.

नाश्ता इंदापूरच्या पुढे केला. रस्ता चौपदरी झाल्यापासून सावली शोधावी लागते, पूर्वीसारखं कुठल्याही वडाखाली बसता येत नाही. एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या विहिरीजवळच्या लिंबाखाली सतरंजी टाकली. माझा मुलगा आधी जरा अवघडला. बाजूच्या मोठ्या हॉटेलात गाड्यांची रांग, लोक डोसे खातायत, आणि आपण फडकं सोडून धपाटे खातोय. आठवी-नववीच्या मुलांना हे टोचतं, त्यांची थट्टा करू नका आणि त्यांच्यावर भाषणही झाडू नका. त्याला मी फक्त एवढंच म्हटलं, की कांदा फोडून दे. त्याने मुठीने कांदा फोडला. त्या शेतकरीदादांना आम्ही धपाटे दिले, त्यांनी शेतातले चार पेरू दिले. तेवढ्यावर मुलगा मोकळा झाला.

शिदोरी नेली म्हणून बाहेरचं काहीच खायचं नाही असा हट्ट मात्र चुकीचा. दाजींना भिगवणची मच्छी खायचीच होती, उजनीच्या पाण्यातली. जाताना सकाळची वेळ होती म्हणून राहिली, येताना त्यांनी बांधून घेतली. विजापुरात रात्री आम्ही खानावळीत जेवलो. हो, तिथेही ‘खानावळी’च म्हणतात. ताटात आलं काय, तर ज्वारीची भाकरी! तिला तिथे जोळद रोट्टी म्हणतात. बरोबर भरलेली वांगी, ‘येणगाई’. भाच्याचं आधी विचारून घेतलं. वांग्यांत आणि चटणीत शेंगदाणा निघाला, त्याला डाळ-भाकरी-दही दिलं. माझी मुलगी म्हणाली, “आई, ही तर आपलीच भाकरी. मग हे कर्नाटक कसं?” तिला मंगळवेढ्याची ज्वारी सांगितली, जिला भौगोलिक मानांकन मिळालंय. सोलापूर, मंगळवेढा, विजापूर हा सगळा काळ्या मातीचा, रब्बी ज्वारीचा पट्टा. पीक मातीकडे बघतं, राज्याच्या हद्दीकडे नाही. भूगोलाचा हा पाठ फक्त घरचा डबा खाऊन मिळाला नसता.

हॉटेलच्या मुक्कामाबद्दल थोडं. खोली ठरवतानाच फोनवर विचारून घ्या : बाहेरचं कोरडं खाणं खोलीत चालेल का, पाणी उकळायची किटली आहे का, फ्रीज आहे का. काही ठिकाणी बाहेरचं खाद्य आणायला मनाई असते, आणि तो त्यांचा नियम असेल तर तो पाळायचा किंवा दुसरीकडे खोली घ्यायची. दारात वाद घालून मुलांना काय शिकवणार? त्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये आपला डबा उघडायचा नाही. खोलीत खाताना चादरीवर नको, जमिनीवर आपली सतरंजी टाकायची. चटणीचं तेल पांढऱ्या चादरीला लागलं की ते धुणाऱ्या बाईचे हात कोणाचे तरी असतात. किटलीत दूध उकळायचं नाही, नूडल्स तर मुळीच नाही, ती फक्त पाण्यासाठी. खोलीतला छोटा फ्रीज पुरेसा गार असतोच असं नाही, त्याच्या भरवशावर रात्रभर भाजी ठेवू नका.

सकाळच्या नाश्त्यासाठी मी घरून उपम्याचा कोरडा रवा नेला होता. करायला अगदी सोपा. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, उडदाची डाळ, लाल मिरची आणि खूप कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत परतायचा, त्यात एक वाटी रवा मंद आचेवर खमंग भाजायचा, मीठ, चिमूटभर साखर आणि अगदी थोडं लिंबूसत्त्व. गार करून डब्यात. हॉटेलात जाड बुडाच्या डब्यात हा रवा घ्यायचा, वाटीला पावणेदोन ते दोन वाटी उकळतं पाणी ओतायचं, एकदा ढवळून झाकण लावून वर टॉवेल गुंडाळायचा. दहा मिनिटांत मऊ उपमा. सासूबाईंच्या वाट्यात साखर घातली नाही. त्यांना सकाळची गोळी घेऊन वेळेवर खायला लागतं आणि हॉटेलचा नाश्ता साडेआठला सुरू होणार होता. त्यांनी सातला खाल्लं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगते आहे ती. दुसऱ्या दिवशी परत येताना मोहोळच्या पुढे रस्त्यात एक ट्रक आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, वळायला जागा नाही. सव्वाबाराला थांबलो ते पावणेतीनपर्यंत तिथेच. दीडच्या सुमारास सासूबाई गप्प झाल्या. बोलता बोलता थांबल्या, कपाळावर घाम, हात थरथरायला लागले. गोळी पोटात, नाश्ता सातचा, जेवणाची वेळ टळलेली. साखर उतरली होती. डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलंय त्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच दिली, पंधरा मिनिटं जवळ बसलो. थरथर थांबल्यावर दशमी आणि चटणी. तासाभराने त्या पुन्हा “एसी बारीक कर” म्हणू लागल्या तेव्हा आमच्या जिवात जीव आला. जवळपास ना हॉटेल, ना टपरी. ती दशमी तिथे औषधाच्या बरोबरीची होती. ज्यांच्या घरी साखरेचे रुग्ण आहेत त्यांना विनंती : साखर किंवा ग्लुकोज आणि एका वेळचं जास्तीचं खाणं डिकीत ठेवू नका, सीटजवळ हाताशी ठेवा. आणि आपल्या माणसाला किती, काय द्यायचं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

वरच्या सहा दशम्या? मागच्या गाडीत एक लेकुरवाळी होती, दोन पोरं रडत होती. चार तिकडे गेल्या. दोन एका टेम्पोवाल्या दादांनी घेतल्या. मुलीने वहीत त्याचीही नोंद केली : ‘शिल्लक शून्य.’

शाळा उघडल्यावर मी फळ्यावर ‘आमची शिदोरी’ असा विषय लिहिला. ‘मी केलेला प्रवास’ लिहायला प्रवास करावा लागतो, गाडी लागते, पैसे लागतात. सुट्टीत घरीच असलेली मुलं मग खोटा प्रवास लिहितात, महाबळेश्वरला न जाता महाबळेश्वर. शिदोरी मात्र प्रत्येकाच्या घरातून कुठे ना कुठे जात असते. मुलांना तीनच गोष्टी शोधून यायला सांगितल्या : तुमच्या घरातलं कोण डबा बांधून नेतं, त्यात काय असतं, आणि तो कोण, किती वाजता करतं.

काय काय आलं म्हणून सांगू! रांजणगावच्या कंपनीत रात्रपाळीला जाणाऱ्या वडिलांचा डबा आला. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आजोबांची बाजरीची भाकर आणि कांदा आला, सोबत मेंढीचं दूध. एकाची मामी यवतची. तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की अख्खं गाव वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करतं, त्यात तिच्या घरच्या भाकरी असतात. त्याने ही ‘उलटी शिदोरी’ असं लिहिलं, म्हणजे प्रवासी घेऊन येत नाही, गावच देतं. मी त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. एकाने लिहिलं, त्याची आई पतसंस्थेत जाते आणि तिचा डबा आजोबा बांधतात. वर्गात हशा झाला, मग कोणीतरी विचारलं की भाजी कशी करतात, आणि तो पाच मिनिटं उभा राहून सांगत होता.

आणि एक मुलगी. कारखाने सुरू झाले की आपल्याकडे ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, बीडकडून, नगरकडून. तिच्या हातात गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी पत्रक होतं, येऊन तिला आठच दिवस झाले होते. मराठी छान, पण वर्गात बोलत नव्हती. ‘प्रवास’ असा विषय असता तर तिने काय लिहिलं असतं, बीड ते शिरूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत? तिने पाचच ओळी लिहिल्या. आई तीन वाजता उठते. चुलीवर अठरा भाकरी करते. बारा फडात नेते, सहा आम्हाला ठेवते. बरोबर लसणाची चटणी. भाऊ लहान आहे म्हणून त्याची भाकर मी कुस्करते.

तिला वाचायला उभं केलं नाही, वही जवळ घेऊन मीच विचारलं, अठरा का? ती म्हणाली, “बाई, पीठ तेवढंच भिजतं परातीत.” मग हळूच, “तुमची परात मोठी आहे का?”

दुसऱ्या दिवशी मी परात शाळेत नेली. गणिताचा तास होता. दोन किलो पिठाचं आमचं उदाहरण फळ्यावर घेतलं आणि तिला पुढे बोलावलं, कारण वर्गात भाकरीला पीठ किती लागतं हे हाताने सांगू शकणारी ती एकटीच होती. मूठ, ओंजळ, पसा. बाकीच्यांनी ते काट्यावर मोजून ग्रॅममध्ये लिहिलं. तिच्या एका ओंजळीत किती पीठ मावतं त्याची नोंद अजून वर्गाच्या भिंतीवर आहे, शेजारी माझ्या ओंजळीची. टोळी या गावात आहे तोवर ती रोज आल्यावर तो तक्ता एकदा बघते.